फियाट ११०० डिलाइट निवृत्तीनंतर विकायची आहे : कोणाला, किती किमतीला आणि कागदपत्रांचे काय?

एरंडवणेकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आहे आणि ती विकण्याचे मी नक्की केले आहे. विकावी की ठेवावी हा प्रश्न घरात चर्चा होऊन निकाली निघालेला आहे. ती कोणाला द्यावी, किंमत कशी ठरवावी आणि व्यवहारात कोणती काळजी घ्यावी, एवढेच येथील जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. ही गाडी मी नोकरीत असताना सातारा जिल्ह्यातील एका गावातून घेतली. तेव्हा ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. जाहिरातीत मात्र ‘एकाच पारशी मालकाची’ असे छापलेले होते. आरसी पुस्तक उघडले तेव्हा चार मालकांची नावे निघाली आणि त्यांत पारशी एकही नव्हता. असो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मी तिचे काम हाती घेतले. फ्लोअरचा पत्रा पूर्ण सडलेला होता, तो कापून नवा बसवला. ब्लॉक बोअर करून पिस्टन-रिंगा बदलल्या. बंपर, ग्रील आणि हबकॅप पुन्हा क्रोम करून घेतले. आधीच्या कोणा मालकाने तिला लाल रंग फासला होता, तो काढून आरसीत नोंदलेला राखाडी रंग परत दिला. इंजिन मूळचेच आहे, १०८९ सीसीचे, आणि त्याचा क्रमांक आरसीशी जुळतो. स्टिअरिंगवरचा गिअर, पुढचे सलग बाक, चारही चाकांचे ड्रम ब्रेक, सगळे जसेच्या तसे ठेवले आहे. डिस्क ब्रेक लावा, एसी बसवा, असे सल्ले पुष्कळ आले. ते मानले नाहीत.

विकण्याची कारणे दोन. आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या जागेत राहायचे आहे आणि तेथे गाडीला छप्पर नाही. पुण्याचा एक पावसाळा उघड्यावर काढला, तर नव्या पत्र्याचे काय होईल हे सांगायला नको. दुसरे कारण माझा उजवा खांदा. त्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून उभ्या गाडीचे स्टिअरिंग वळवणे मला जमत नाही.

आतापर्यंत तीन ठिकाणांहून विचारणा झाली आहे. एक गृहस्थ लग्नाच्या वरातींसाठी जुन्या गाड्या भाड्याने देतात आणि त्यांची किंमत सर्वांत जास्त आहे. दुसरे दिल्लीचे संग्राहक आहेत. तिसरा साताऱ्याचा एक तरुण अभियंता आहे. त्याची रक्कम सर्वांत कमी, पण त्याला गाडी चालवायची आहे. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी निघाली आहे असे ऐकतो; विक्रीपूर्वी ती करून घेतल्यास चांगली किंमत येईल का? आणि गाडी लग्नाच्या फुलांखाली जाऊ नये, एवढी अट घालता येईल का?

फॉर्मतीस

एरंडवणेकर, आपल्या तीन ग्राहकांपैकी दोघांचा निकाल नियमच लावतात, म्हणून किमतीआधी नियम पाहू.

वरातीवाल्यांपासून सुरुवात करतो. आपली गाडी खासगी म्हणून नोंदलेली आहे. खासगी नोंदणीची गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवणे मोटार वाहन कायद्याला धरून नाही. सर्रास चालते, हा भाग वेगळा. ते तिची व्हिंटेज नोंदणी करणार असतील, तर अडचण आणखी वाढते, कारण जुलै २०२१ मध्ये केंद्राने जे नियम अधिसूचित केले त्यांत व्हिंटेज गाडीचा व्यावसायिक वापर स्पष्टपणे निषिद्ध आहे. दिल्लीच्या संग्राहकांचे म्हणाल, तर राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाचे निर्बंध आले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पुढे त्यात न्यायालयीन घडामोडी होत राहिल्या आहेत. ते गृहस्थ गाडी तेथे कोणत्या नोंदणीखाली ठेवणार आहेत, हे त्यांच्याकडून लेखी घेतल्याशिवाय गाडी दुसऱ्या परिवहन कार्यालयाकडे नेण्यासाठी लागणाऱ्या ना-हरकतीच्या फॉर्म २८ वर सही करू नका.

आता व्हिंटेज नोंदणीविषयी. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि चॅसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी तिला पात्र ठरते. पूर्वीपासून नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम राहतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आणि मुदत दहा वर्षांची. ऐकायला हे सगळे चांगले वाटते. पण अशी गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कामांसाठी. रविवारी सकाळी सहज सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणे त्यात बसत नाही. म्हणून माझे मत असे की, विक्रीपूर्वी ही नोंदणी मुळीच करू नका. चालवू इच्छिणारा ग्राहक तिच्यामुळे दूर जाईल, आणि संग्राहकाला हवी असेल तर तो आपल्या नावावर झाल्यावर करून घेईल.

त्याऐवजी साध्या नोंदणीची मुदत शिल्लक आहे ना, ते पाहा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीचे नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले. शिवाय पर्यावरण कर आहेच. मुदत संपत आली असेल, तर हा खर्च आपणच करून मग गाडी विकायला काढा. शुल्कापेक्षा किमतीत अधिक परत मिळेल, कारण तपासणीला गाडी नेण्याची कटकट ग्राहकाला नको असते.

सर्वांत महत्त्वाचे आता लिहितो. तीन अक्षरी जुन्या क्रमांकांच्या कित्येक गाड्यांची नोंद ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीवर अजून आलेली नाही. ती नसेल तर हस्तांतरणाचा अर्जच पुढे सरकत नाही. आरसी पुस्तक घेऊन परिवहन कार्यालयात जा, जुनी नोंद संगणकावर चढवून घ्या आणि त्या वेळी इंजिन व चॅसिस क्रमांक अक्षरन् अक्षर तपासा. जुन्या हस्ताक्षरात एकचा सात होतो. आपण मूळ रंग परत दिलात हे उत्तम झाले, नाहीतर रंगबदलाचीही नोंद करावी लागली असती.

मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून चावी देऊन मोकळे होऊ नका. अर्जाची पावती हाती येईपर्यंत गाडी आपल्याच आवारात राहू द्या. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, गाडी हातोहात कितीही जणांना विकली गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल. ताबा पावती या बाबतीत आपल्याला वाचवणार नाही.

नानापेठी

कागदांचे वर आले आहे, मी पत्र्याचे आणि इंजिनाचे लिहितो. आमचे गॅरेज वडिलांच्या वेळेपासून आहे आणि फियाट व पुढे तिचीच आवृत्ती म्हणून आलेली पद्मिनी यांवरच आमचे घर चालले.

साहेब, केलेला खर्च आणि येणारी किंमत यांचा संबंध जोडू नका. बिलांची फाईल ग्राहकाला दाखवावी ती काम नीट झाले हे पटवण्यासाठी; बेरीज करून मागण्यासाठी नव्हे. या गाड्यांना किंमत येते ती तीन गोष्टींवर : इंजिन क्रमांक जुळणे, पत्रा खरा असणे आणि पार्ट मूळचे असणे. मधल्या काळात डिझेल महाग नव्हते तेव्हा कित्येकांनी फियाटमध्ये डिझेल इंजिने बसवली, आणि आज त्या गाड्या कोणी हातात धरत नाही. तुमची या बाबतीत सरस आहे.

पत्र्याविषयी ग्राहक शंका घेणारच, कारण बाजारात रंगाखाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून चकचकीत केलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. जाणता माणूस लोहचुंबक कापडात गुंडाळून आणतो आणि दरवाज्याखालच्या पट्ट्यावर, पुढच्या मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात आणि डिकीच्या तळाशी लावून बघतो. जेथे चुंबक निसटतो तेथे लांबी जाड आहे. तुम्हीच चुंबक पुढे करा. कामाच्या वेळी काढलेले उघड्या फ्लोअरचे फोटो असतील तर तेही दाखवा. चकचकीत फोटोंपेक्षा त्या गंजलेल्या फोटोंनी जास्त विश्वास बसतो.

दुसरे असे की, उशीर करू नका. ही गाडी उभी राहिली की बिघडते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. महिना-दोन महिने गाडी उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत पांढरट चिकटा धरतो, जुन्या रबराचे पाइप फुगतात आणि पेट्रोल पंपाचा पडदा कडक होतो. ब्रेकचे व्हील सिलिंडर आतून गंजून धरतात ते वेगळेच. चालू गाडी आणि ‘उभी आहे, पण चालू होईल’ अशी गाडी यांच्या किमतीत मोठी दरी पडते. भाड्याच्या जागेत जाण्यापूर्वीच व्यवहार उरका. काही कारणाने लांबला, तर टाकी आणि कार्बोरेटर कोरडे करून गाडी कोणाच्या तरी शेडमध्ये ठेवा.

सुट्या भागांचे तुम्ही लिहिले नाही, पण तुमच्यासारख्या माणसाकडे एखादी तरी ट्रंक असणारच. ती वेगळी विकू नका. मुंबईच्या रस्त्यांवर काळी-पिवळी पद्मिनी धावत होती तोवर किंगपिनचे (पुढची चाके ज्यावर वळतात त्या खिळीचे) संच, क्लच प्लेटी, सोलेक्स कार्बोरेटरची किटे सहज मिळत, कारण टॅक्सीवाल्यांसाठी कोणी ना कोणी ती बनवत होते आणि इंजिनाचा व चालीचा पुष्कळसा भाग डिलाइटला चालतो. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदलेली होती; वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही गेली, आणि तिच्याबरोबर हे गिऱ्हाईकही गेले. आज आमच्या पेठेत किंगपिनचा संच मिळतो, पण पोलाद पूर्वीचे नसते. दाराचे हँडल, काचेच्या बाजूची क्रोम पट्टी, मागच्या दिव्याची काच यांसाठी जुना बाजार किंवा चोर बाजार धुंडाळावा लागतो. म्हणून ट्रंकेसह गाडी म्हटले की जाणकार ग्राहक किमतीवर फार घासाघीस करत नाही.

अटीचे म्हणाल, तर विकलेल्या गाडीवर अट चालत नाही. माणूस पारखून द्या, नाहीतर अट सोडा.

डोंबिवलीकर

मला वरील दोघांचेही म्हणणे पटत नाही. एवढे कष्ट करून उभी केलेली गाडी जागेच्या अडचणीपायी का विकायची? दोन-तीन वर्षांसाठी एखाद्या नातेवाइकाच्या शेडमध्ये ठेवावी, नव्या इमारतीत जागा मिळाली की परत आणावी. किंवा संग्रहालयाला द्यावी. हरियाणातील तावडू येथे हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, उदयपूर आणि कोइम्बतूर येथेही मोटारींची संग्रहालये आहेत. तेथे ती सुरक्षित तरी राहील.

नानापेठी

डोंबिवलीकर, शेडमध्ये दोन-तीन वर्षे हात न लावता ठेवलेल्या गाड्या आमच्याकडे ओढून आणाव्या लागतात, एवढेच सांगतो. संग्रहालयाचे म्हणाल तर त्यांना दुर्मीळ काही हवे असते. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियरने वर्षानुवर्षे काढलेली ही गाडी आहे. पुढचे दार उलट्या बाजूने उघडणारी जुनी ‘डुक्कर फियाट’ असती, तर गोष्ट निराळी होती.

हिशेबनीस

प्राप्तिकराचा मुद्दा कोणी काढलेला नाही, म्हणून लिहितो. वैयक्तिक वापराची जंगम वस्तू ही आयकर कायद्यानुसार भांडवली मालमत्ता धरली जात नाही आणि घरातील मोटार या सवलतीत येते. त्यामुळे खरेदी किमतीपेक्षा जास्त किमतीला विकली, तरी भांडवली नफ्यावरील कराचा प्रश्न साधारणपणे उद्भवत नाही. पण ‘वैयक्तिक वापर’ हे शब्द हलके समजू नका. १९३१ सालची फोर्ड टूरर १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेऊन पुढे २१ लाखांना विकल्याचे एक प्रकरण वर्षानुवर्षे चालले, आणि २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल करदात्याच्या विरुद्ध दिला. कारण ती गाडी प्रत्यक्षात स्वतःच्या वापरात होती, हे त्याला दाखवता आले नाही. केवळ ‘वापरता येण्याजोगी’ असणे पुरेसे ठरले नाही.

आपण गाडी खरोखर चालवलेली आहे, तेव्हा त्याचे पुरावे फेकून देऊ नका. दरवर्षीचा विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्रे, गॅरेजची व पेट्रोलची बिले, हे सगळे नव्या मालकाला मूळ स्वरूपात न देता त्याच्या प्रती द्या आणि मूळ कागद निदान काही वर्षे स्वतःजवळ ठेवा. पैसे धनादेशाने किंवा बँकेतूनच घ्या. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे कायद्याने निषिद्ध आहे, मग कर लागू असो वा नसो.

विम्याचेही सांगतो : तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, परंतु त्याने चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायला हवा. तो अर्ज आपल्यासमोर करून घ्यावा.

पद्मिनीवाला

एरंडवणेकर काका, मी कोल्हापूरचा. १९७९ ची पद्मिनी अशाच एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली आहे, म्हणून ग्राहकाच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

गाडी हाती आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी तिला आंबा घाटात घेऊन गेलो आणि चढावर ती बंद पडली. सेल्फ फिरत होता, ठिणगी होती, पेट्रोल होते, तरी चालू होईना. आधीच्या मालकांना फोन लावला. त्यांनी सांगितले, बॉनेट उघडा, पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवा आणि चहा पिऊन या. इंजिनाच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला होता. पंप गार झाला आणि गाडी निघाली. आज हे सांगणारे मेकॅनिक आमच्या भागात दोघे-तिघे उरले असतील. पहिला गिअर टाकताना गाडी पूर्ण थांबलेली हवी, किंगपिनच्या निपलांना ग्रीस नियमित हवे, थंडीत चोक किती ओढायचा आणि केव्हा आत ढकलायचा, हे प्रत्येक गाडीचे थोडे वेगळे असते आणि ते मालकालाच ठाऊक असते.

म्हणून काका, तुम्ही ज्याला गाडी द्याल त्याला व्यवहार पूर्ण होण्याआधी दोन-चार रविवार बोलवा. तो येतो का, गाडीखाली झोपतो का, ते पाहा. जो फक्त फोटो मागतो त्याला देऊ नका. किंमत थोडी कमी आली तरी चालेल असे मी ग्राहक असल्यामुळे म्हणतो, हे उघड आहे. पण दिल्लीला ट्रकवर चढवलेल्या गाडीची कुरकुर तुम्हाला फोनवर ऐकावी लागेल आणि तिकडून ती समजावून सांगणारा कोणी नसेल.

एरंडवणेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

फॉर्मतीस यांच्या सांगण्यावरून परिवहन कार्यालयात जाऊन आलो. गाडीची नोंद संगणकावर नव्हती. आरसी पुस्तक दाखवल्यावर ती चढवून देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. चॅसिस क्रमांकाचा ठसा मागितला आहे, तो पेन्सिल घासून कागदावर उतरवून घेतला. नोंदणीची मुदत पुढच्या वर्षीपर्यंत आहे, तरी नूतनीकरण आताच होऊ शकते का, याची चौकशी चालू आहे.

वरातीवाल्यांना नकार कळवला. दिल्लीच्या संग्राहकांना गाडी कोणत्या नोंदणीखाली ठेवणार, असे लेखी विचारले. उत्तर आलेले नाही. डोंबिवलीकर, आपल्या सूचनेमागचा जिव्हाळा समजतो, पण खांदा नव्या इमारतीबरोबर नवा होणार नाही.

साताऱ्याच्या मुलाला रविवारी बोलावले होते. तो वडिलांना घेऊन आला. चुंबक मीच पुढे केला. त्याने तो खिशात टाकला आणि आधी चारही निपलांना ग्रीस भरायची परवानगी मागितली. किमतीत त्याने थोडी वाढ केली आहे आणि ट्रंक त्यातच धरली आहे. फॉर्मतीस, एक शंका उरली आहे : गाडी पुणे कार्यालयाची आणि तो साताऱ्याचा, म्हणजे राज्य एकच, तरीही ना-हरकत प्रमाणपत्र आधी घ्यावे लागेल, की हस्तांतरणाच्या अर्जातच ते होते?

फॉर्मतीस

कार्यालय बदलत असल्यामुळे ना-हरकत आधी घ्या, म्हणजे साताऱ्याला त्याला हेलपाटे पडणार नाहीत. फॉर्म २८ च्या प्रतींवरही चॅसिसचा ठसा लागेल, तेव्हा पेन्सिलने आणखी चार-पाच ठसे काढून ठेवा. आणि नोंद संगणकावर चढल्यावर एकदा स्वतः ‘वाहन’वर क्रमांक टाकून पाहा, रंगाच्या रकान्यात लाल आले असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.